चोवीस चिठ्ठ्या, पाच रकाने

३ जून
वाचनालयाची वरची खोली इंग्रजीच्या वर्गासाठी एकालाच मिळणार. मला, नाही तर त्या टाय बांधून शिकवणाऱ्या टायवाल्याला. हा गृहस्थ जन्मभर मिक्सर विकत होता. त्याचे उच्चार ऐकून आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी त्याला बाकावर उभं केलं असतं. तेच चोवीस विद्यार्थी महिनाभर माझ्याकडे शिकले, महिनाभर त्याच्याकडे. आता चिठ्ठीवर मत देणार. मी पडद्यांचं माप घेऊन आले.

५ जून
चिठ्ठी सुनेने केली. संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे साधं काही सुचत नाही. ‘फायदा झाला का?’ खाली आम्हा दोघांच्या नावापुढे पाच-पाच रकाने: मुळीच नाही, फारसा नाही, बरा, चांगला, उत्तम. वाचनालयाच्या सेक्रेटरींना मी बजावलं, गठ्ठे दोनच करा. ‘बरा’ आणि त्यावरचे सगळे ‘हो’. माणूस शिकतो किंवा शिकत नाही.
सून म्हणे, आई, अशाने निम्मी माहिती केरात जाते. मग तोच फरक दिसायला कितीतरी जास्त माणसं लागतात. मी म्हटलं, माझ्यातला आणि त्याच्यातला फरक चष्म्याशिवाय दिसतो.

११ जून, दुपारी
त्याला बावीस ‘हो’. मलाही बावीस. चोवीस जणांत इंग्रजीचा कान एकालाही नाही. सेक्रेटरी म्हणाले, नाणं उडवू. शेळपट माणूस. मी तिथल्या तिथे लेखी अर्ज दिला: पाचही रकाने मोजा, सर्वांसमोर, फळ्यावर. सुनेने दोनदा विचारलं, नक्की ना? पोटात दुखतं तिच्या.

१२ जून
मोजले. त्याला उत्तम सतरा, चांगला पाच. मला उत्तम एक, चांगला दोन, बरा एकोणीस.
अडाणी लोक ‘उत्तम’ सैल हाताने वाटतात. खोली त्याला. सुनेने फळ्यावरचे आकडे वहीत उतरवून घेतले. टोमणा मारला असता तर उत्तर तयार होतं.

१३ जून
ठरलं. त्याच्या वर्गात मागे बसायचं, एकूणएक चूक टिपायची, यादी समितीपुढे ठेवायची.

१७ जून, रात्री साडेआठ
बसले. त्याने प्रत्येकाला दुकानदाराशी भांडायला लावलं. ती शिवणकाम करणारी बाई, जिने माझ्याकडे महिनाभर तोंड उघडलं नाही, ती बिघडलेल्या इस्त्रीवरून पाच मिनिटं भांडली. इंग्रजी भयंकर. कोणी अडवलं नाही. दुकानदार म्हणून त्याने मलाच उभं केलं होतं. शेवटी इस्त्री बदलून द्यावी लागली.
दोन तास झाले होते. चुका टिपायच्या वहीत एकच ओळ आहे: गुरुवारी येताना प्रत्येकाने एक नवी तक्रार तयार करून आणणे.