किसनच्या राबातलं औषध

१२ एप्रिल
कळ्या खुडताना बांधालगतची मोगऱ्याची ओळ बघून टोपली तिथेच ठेवली. कोवळी पानं पांढरीफटक. वरच्या ओळी हिरव्यागार. किसनच्या बाजूचीच कशी?

१३ एप्रिल
ह्यांचा चुलतभाऊ, पण आम्ही मोगरा लावल्यापासून त्याचं तोंड वाकडं. बांधाखाली त्याचा राब, भाताची रोपं करायचा तुकडा. यंदा तण मारायला भाजलाच नाही, पालापाचोळा गोळा करायचा कंटाळा. दुकानदाराने दिलेलं तणनाशक मारलं, आठवडा झाला. विचारलं तर म्हणे, “वयनी, वारा तुमच्याकडून माझ्याकडं व्हता. औषध काय चालत वर आलं?” वर हसला. अस्सा राग आला!
हे त्याच्याशी बोलायचे बंद झाले. मोगरा गेला तर दिवाळीनंतर परत वीटभट्टीवर मजुरीला. मी जायची नाही.

१५ एप्रिल
आणखी एक ओळ पांढरी. चोरून फवारतोय का? दिवसभर आंब्याखाली बसून पाळत ठेवली. फिरकलासुद्धा नाही. दुपारी ऊन मी म्हणत होतं, वारा पडलेला, आणि बांधावर त्या औषधाचा उग्र वास. कुठून?

१६ एप्रिल
जव्हारहून कृषी सहायक मॅडम आल्या. पानं बघितली, सरळ बांध उतरून राबातली माती मुठीत घेतली. “ही ओली कशी?” कोरड्या मातीत हे औषध धरून राहतं म्हणे. ओल आणि ऊन मिळालं की वाफ होऊन उठतं. वारा नसला की तिथेच घोटाळतं, जवळच्या पानांना बाधतं. फवारणीनंतर कितीतरी दिवस.
किसनही तिथे आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं फक्त.
आधी लिहिलं नाही, आता लिहिते. पाणी मीच सोडलं. आमच्या मोगऱ्याच्या टाकीतलं उरलेलं पाणी खालच्या शेतवाल्याला द्यायचं, नाही म्हणायची रीत नाही आमच्यात. औषध मुरायला पाणी हवंय म्हणाला किसन, मी कॉक फिरवला. फवारणीनंतर मधूनमधून तीन दिवस. ह्यांना न सांगता.

१७ एप्रिल
माती सुकली की नवी पालवी हिरवी येईल, बहुतेक, असं मॅडम म्हणाल्या. बहुतेक!
पाण्याने काय होतं ते किसनला ठाऊक होतं का? की तोही माझ्यासारखाच अडाणी? मेल्याच्या तोंडावरून काही कळत नाही.
आत्ता ओट्यापाशी आला. ह्यांना म्हणाला, “दादा, माझ्याशी बोलणं टाकलंस. माती कुणी भिजवली, वयनीला इचार ना.”
हे माझ्याकडे बघत राहिले. चहा टाकते म्हणून आत आले, ती ही वही घेऊन इथेच बसलेय.