वेल फुलते, धरत नाही

३ मार्च
आजही गळालं! खाली इवलासा भोपळा असलेलं मादी फूल. बोट लावलं तर देठासकट हातात आलं. आईने दिलेल्या बियांतलं हे शेवटचं बी. आई गेली. आता ही वेल धरली नाही तर तिचा भोपळाही संपला. दुकानातलं बी आणून काय करू, डोंबल?

६ मार्च
मागच्या वर्षीपर्यंत शिवता शिवता मशीन थांबवलं की खिडकीतून गुणगुण यायची. आता मशीन थांबलं की नुसती शांतता. मधमाशी औषधालाही दिसत नाही.

नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, बरंच झालं की. गेल्या वर्षी मला मानेला माशी चावली, घसा सुजला, दवाखान्यात न्यावं लागलं — तेव्हापासून हा मला बागेत फिरकू देत नाही. पाणी घालायचं कामही अंगावर घेतलंय. एवढा आळशी माणूस, पण उजाडायच्या आत झारी घेऊन हजर! तेवढं तरी सुख.

९ मार्च
शेजारचे मास्तर कुंपणापलीकडे पाठीला पंप लावून उभे. माव्याच्या किडीसाठी म्हणे! माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते मी बोलले. माश्या तुम्हीच मारल्यात, असंही मी सुनावलं. मास्तर म्हणतात, पंपात साबणाचं पाणी आहे, आणि यंदा त्यांच्याही दोडक्याला काही धरलेलं नाही. साळसूदपणाचा आव नुसता!

संध्याकाळी मास्तरीणबाई शिवायला दिलेलं कापड परत घेऊन गेल्या. जाऊ देत.

१० मार्च
रागाने एक शिवण सरळ येईना. सगळी उसवली.

१३ मार्च
रंगाचा ब्रश घेऊन नर फुलातली पिवळी पूड मादी फुलाला लावत बसले. माशीचं काम माझ्या गळ्यात! नवरा दारातून हाका मारत सुटला. आत आल्यावर साबणाने हात धुवायला लावले, एकदा नाही, दोनदा. मी चिडले — फूल आहे ते, विष नाही! त्याने टॉवेल पुढे केला.

१७ मार्च
एक धरला! लिंबाएवढा. मास्तरांना मुद्दाम कुंपणावरून ऐकवलं.

१९ मार्च
नवरा तापाने पडलाय, म्हणून पाणी घालायला मी गेले. झारीत तळाशी पांढुरकं काहीतरी, वास असा की डोळ्यांत पाणी आलं. झारीमागे किड्यांच्या औषधाची बाटली. अर्धी संपलेली.

उशाशी नेऊन आपटली. नाही म्हणाला नाही.

"गाडीत माझ्या मांडीवर तुझा श्वास अडकला होता. मी काय करायला हवं होतं, सांग."

संताप तर असा येतोय की ही बाटली त्याच्याच डोक्यात घालावी. आणि कपाळावरची ओली पट्टी वाळली, तीही मलाच बदलायची आहे.