कार्बनचे सहा ठिपके

८ सप्टें., सोम.
अकरावी 'ब'. ठिपक्यांची स्ट्रक्चर्स: एक ठिपका म्हणजे एक इलेक्ट्रॉन, एक रेघ म्हणजे दोन. पाणी, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड झकास. शेवटी कार्बन मोनॉक्साइड: मध्ये दोन रेघा, ऑक्सिजनवर चार ठिपके, कार्बनवर दोन. इलेक्ट्रॉन दहा, बरोब्बर.
सायली उठली. शाहूवाडीहून पहिल्या एसटीनं येते, सहसा बोलत नाही. "मॅडम, कार्बनभोवती सहाच हुतात की. आठ पायजेत न्हवं?"
दारात विभागप्रमुख माने सर. मी म्हटलं, "दहा भरले ना? बस खाली."

९ सप्टें.
पुस्तक काढलं. मोनॉक्साइडला तीन रेघा. पोरीचं बरोबर. डायऑक्साइडच्या नादात हात दोनवरच थांबला. बी.एस्सी.ला शंभरदा काढलंय हे. लाज वाटली. उद्या वर्गात सांगून टाकते.

१० सप्टें.
नाही सांगितलं. तासाआधी माने सरांनी गाठलं. "पोरं उलट विचारायला लागली म्हंजे आपली तयारी कमी पडतीया, मॅडम." मी तासिका तत्त्वावर. पुढच्या वर्षी तास मिळणार की नाही, ते सरांच्या शेऱ्यावर. आणि शेरा याच महिन्यात.

१२ सप्टें., शुक्र.
चाचणी. पेपर मीच आधी काढलेला, त्यात मोनॉक्साइड आहेच. वर्गात फेऱ्या मारताना कुणाच्या कागदाकडे बघवेना.

१४ सप्टें., रवि.
पेपर तपासले. बासष्ट पोरं, सगळ्यांच्या दोनच रेघा. माझ्या रेघा.
सायलीचा पेपर मुद्दाम शेवटी ठेवला होता. तिनं आधी तीन काढल्यात. मग एक खोडलीय, कागद फाटेस्तोवर. गुण कुणालाच दिले नाहीत अजून. जेवण गेलं नाही. आई विचारत होती, बरं नाही का.

१५ सप्टें., सोम.
मधल्या सुट्टीत सायलीला जिन्यात थांबवलं. विचारलं, खोडलंस का गं?
"तुमी दोनच काढल्या हुत्या की फळ्यावर."
"पण तुला तर तीन वाटत होत्या."
हसली. "माझंच चुकलं असंल. तुमी चुकीचं कशाला शिकवशीला, मॅडम?"
घंटा झाली, ती पळाली.
उद्या पेपर वाटायचे. माने सर मागच्या बाकावर बसणार आहेत, तसा निरोप आलाय. बासष्ट पेपर टेबलावर. लाल पेन उघडं आहे, अजून एकाही पेपरवर गुण नाही.