बुधवारची उत्तनची बस

आई, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली. तुझ्याबद्दल ज्यांच्याशी बोलावं अशी माणसंही आता फारशी उरली नाहीत, म्हणून तुलाच लिहायला बसलेय. आधी माझ्या खोटेपणाचं सांगते. आपण परळची खोली सोडून भाईंदरला, इंद्रलोकमध्ये राहायला आलो, त्या पहिल्याच महिन्यात मी तुला म्हणाले होते, "आई, इथे मासे नको करूस. खालच्या मजल्यावरच्या बेन तक्रार करतायत." कोणीही तक्रार केली नव्हती. मलाच तो वास नको होता. बाबा गेल्यावर वीस वर्षं तू त्या एका खोलीत खानावळ चालवलीस, रोज पंचवीस-तीस माणसं जेवून जायची, आणि माझा गणवेश, माझ्या वह्या, माझे केस, सगळ्याला तळलेल्या बांगड्याचा वास यायचा. शाळेत माझ्या शेजारची मुलगी रुमाल नाकाला लावून बसायची. त्याच खानावळीवर मी शिकले, नोकरीला लागले, घर घेतलं. त्या घराला नव्या रंगाचा वास होता आणि मला तो तसाच हवा होता. मी बोलले तेव्हा तुझ्या हातात साफ केलेले बांगडे होते. तू ते पिशवीत घातलेस, पिशवी घेऊन खाली उतरलीस, आणि परत आलीस तेव्हा पिशवी रिकामी होती. कोणाला दिलेस ते मी विचारलं नाही.

मला वाटलं, तू रुसशील. पण तू फिरायला लागलीस. मी सकाळी अंधेरीला ऑफिसला निघाले की तूही चपला घालायचीस, आणि संध्याकाळी मी टीव्ही बघत असताना दिवसभरात काय खाल्लंस ते सांगत बसायचीस. स्टेशनजवळच्या मारवाड्याच्या कचोरीत बडीशेप जास्त आहे पण हात चांगला आहे. खारी गावातली एक आगरीण पाटीत मोड आलेले वाल घेऊन बसते, ते तिने घरीच सोललेले असतात. बेनच्या हांडव्याला वरून तीळ लावतात आणि मंद आचेवर तासभर ठेवतात. "इथे जिना उतरला की भाषा बदलते गं, आणि भाषा बदलली की फोडणी बदलते," असं तू म्हणायचीस. मी हं हं करायचे. बुधवारी मात्र तू काहीच सांगायची नाहीस. बुधवारी इथल्या धारावी देवीच्या देवळात जाते, एवढंच म्हणायचीस.

एका बुधवारी ऑफिसात लाईट गेली म्हणून आम्हाला अकरालाच सोडलं. घरी आले तर कुलूप. जिन्यात बेन भेटल्या. "आई तो उत्तन गई है ना," त्या म्हणाल्या, "हर बुधवार जाती है, मच्छी खाने." आणि मग हसत म्हणाल्या, "मैंने तो बोला, घर में बनाओ ना, हमको क्या है? हम भी पहले परेल की चाल में ऐसे ही मिक्स रहते थे." म्हणजे तू त्यांना विचारलं होतंस. तुला कधीचंच माहीत होतं.

घरात शिरलेच नाही. स्टेशनच्या पश्चिमेला जाऊन उत्तनची बस पकडली. मुर्धा, राई ही गावं गेली, मिठागरं मागे पडली, आणि शेवटच्या स्टॉपला उतरले तेव्हा इतकी शांतता होती की आपण अजून भाईंदरमध्येच आहोत हे खरं वाटेना. बांबूंवर बोंबील वाळत होते. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, परळच्या एक बाई येतात का इकडे? त्याने मान न उचलता हात केला, "ती खानावळवाली? त्या निळ्या दाराच्या घरात हाय."

त्या निळ्या दारातून मला जे दिसलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू खाली पाटावर बसली होतीस. तुझ्यापुढे ताट होतं, तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, बाजूला तळलेला एक तुकडा. आणि तुझ्याच वयाची एक कोळीण वाकून तुला वाढत होती. "घे गो बाय, लाजतेस काय? अजून पानी न्हाय आटलं दर्याचं." तू हसत नको नको म्हणत होतीस आणि ताट पुढेही करत होतीस. मी तीस वर्षांची होते, आई, आणि तुला कोणी वाढतंय हे मी पहिल्यांदा बघत होते. मला आठवते ती तू नेहमी उभी, हातात पळी, सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यातच भात कालवून खाणारी.

तू मला पाहिलंस आणि जराही दचकली नाहीस. "आलीस? हात धू," एवढंच म्हणालीस. ती कोळीण मावशी मला ताट करायला उठली. तिची ओळख तू बाजारात करून घेतली होतीस, तिच्या पाटीवरचे बोंबील निवडता निवडता. ती म्हणाली, "तुझी आयस मना बोलली, मी तीस मानसांचा सैपाक केला. मी बोलले, मंग एक दिवस माझ्या हातचा खा." शेजारची ख्रिश्चन बाई बाटलीतला मसाला घेऊन आली. तू तो तळहातावर घेऊन चाटलास आणि एकेक जिन्नस ओळखत गेलीस, आणि त्या दोघी लहान मुलींसारख्या टाळ्या पिटत होत्या. मी जेवले. कालवण तिखट होतं, डोळ्यांत पाणी यायला ते निमित्त पुरलं.

परतीच्या बसमध्ये राई येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतीस. मग म्हणालीस, "घर तुझं आहे. तुला वास नको असेल तर मला नको म्हण. दुसऱ्याच्या तोंडी शब्द कशाला घालतेस?" आवाज चढवला नाहीस. मी म्हणाले, "चुकलं माझं. उद्यापासून घरात कर." तू मान हलवलीस. "आता नको. घरात केलं तर परत मलाच करायला लागेल. तिथे मला कोणीतरी वाढतंय." आणि माझ्या हातावर हात ठेवलास. त्यानंतर रजा टाकून मी तुझ्याबरोबर तीनदा आले. चौथ्यांदा तू विचारलंस तेव्हा ऑफिसात इन्स्पेक्शन होतं. पुढच्या बुधवारी जाऊ, असं मी म्हणाले.

तो बुधवार आला नाही. सोमवारी सकाळी चहा गाळता गाळता तू खाली बसलीस आणि मी बाथरूममधून धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. सगळ्यात आधी बेन वर आल्या. तेरा दिवस त्यांनीच मला जेवू घातलं.

तेरावं झाल्यावरच्या बुधवारी मी उत्तनला गेले, मावशीला सांगायला. ती दारातच होती. "आयस कुठं हाय तुझी? दोन बुधवार झाले, आली न्हाय." मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "गावाला गेलीय. बरी आहे." तिने मला जेवायला घातलं आणि तुझ्यासाठी सोड्यांची, सुक्या कोळंबीची, पुरचुंडी दिली. पुढच्या महिन्यात म्हणाले, गुडघे धरलेत, डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय. तिने घरी काढलेलं कसलंसं तेल दिलं, चोळायला. असं मी जवळजवळ वर्षभर केलं. मग एका बुधवारी तिने तुझ्याबद्दल काही विचारलंच नाही. नुसती वाढत राहिली, आणि निघताना कधी नव्हे ते माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिला कोणी सांगितलं की तिचं तिलाच कळलं, ठाऊक नाही. त्यानंतर मी गेले नाही. आता ती आहे की नाही तेही माहीत नाही.

बेन विचारायच्या, इतक्या लांब कशाला जातेस? मी म्हणायचे, आईला आवडायची ती जागा. तसंही नव्हतं, आई. "तुझी आयस कशी हाय?" असं मला विचारणारं तेवढं एकच दार उरलं होतं, आणि त्या दारात उभं राहून मला एकदा "बरी आहे" म्हणायचं असायचं.