तू न लावलेलं घड्याळ

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. जन्मभर एका घरात राहिलो, लिहायचं कशाला? आणि आज लिहितोय ते आठवण अनावर झाली म्हणूनही नव्हे. सकाळी कॅमेऱ्याचं घड्याळ लावायला बसलो आणि जे दिसलं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगवेना. तुझ्या सुनेला, शुभालाही, अजून काही बोललेलो नाही.

तुझं तेरावं झालं. पाहुणे पांगले. चहा घेता घेता पडवीतल्या त्या छोट्या टीव्हीकडे नजर गेली. फाटकावर लख्ख ऊन, दूधवाला सायकल टेकवतोय, आणि वर कोपऱ्यात वेळ रात्रीची! तारीखसुद्धा शिळी. म्हटलं, अरे, हे खातं तर आईचं होतं. ती गेल्यापासून कोणी हातच लावलेला नाही.

कॅमेरा बसवला तेव्हा किती हसली होतीस! मोटारी दुरुस्त करता करता माझं पंपांचं दुकान झालं, माल घराभोवतीच्या आगरात ठेवायला लागलो, तांब्याची तार दोनदा चोरीला गेली, म्हणून तो फाटकावर रोखून लावला. तू म्हणालीस, "मेल्या, माझे डोळे काय फुटलेत?" आणि मग तूच त्याच्यासमोर ठाण मांडलंस. मच्छीवाली फाटकाशी पोचायच्या आधी तिच्या टोपलीत काय आहे ते तुला ठाऊक असायचं!

कॅमेऱ्याचं चित्र साठवणाऱ्या त्या डब्यातला सेल पहिल्याच पावसाळ्यात गेला. कॅमेरेवाल्याने सांगितलंही होतं, "लाइट गेली की याचं घड्याळ थांबणार, आणि आली की थांबलं होतं तिथूनच पुढे चालणार." आणि भारनियमन तर रोजचंच. मी नवा सेल आणतो म्हटलं तर तू कुठे ऐकतेस? "कशाला? मी लावते ना." दुपारी दोनला लाइट जायची, चारला यायची. आली की तुझा क्रम ठरलेला: आधी विहिरीवर जाऊन पंप चालू करायचा, मग हात पुसत येऊन रिमोट घ्यायचा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून एकेक आकडा दाबायचा. जीभ ओठांत धरून, सुईत दोरा ओवावा तशी. तू देवपूजा चुकवलेली मी पाहिली आहे, हे नाही.

त्या दिवशी तू घड्याळ लावलं नव्हतंस, आई.

हे मला आज कळलं. किती मागे पडलंय ते बघावं म्हणून रेकॉर्डिंग त्या दिवसापर्यंत मागे नेलं. मला मीच दिसलो. फाटक उघडून आत येताना, हातात तुझ्या औषधाची पिशवी. कोपऱ्यात वेळ चारची. दुकान बंद करून आलो तेव्हा सहा वाजून गेले होते, हे मी शपथेवर सांगेन. आत येऊन हाका मारल्या, मागच्या दाराने विहिरीकडे गेलो, आणि तू पायरीच्या चिऱ्यांवर पडलेली. श्वास चालू होता. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "तासभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं."

तासभर! तेव्हापासून हा शब्द माझ्या कानात बिघडलेल्या पंपासारखा घरघरतोय. शुभा माहेरी, मी दुकानात, घरात कोणी नाही. कोणाला बोल लावणार?

कोणी नाही, असं आम्ही सगळे म्हणत होतो.

सुहास त्या दिवशी जेवायला आला होता. तुझा धाकटा, मुंबईहून आलेला, संगमेश्वरला सासुरवाडीला उतरलेला, मेहुण्याची मोटारसायकल घेऊन. डोंगरावरची कलमांची बाग विकायची, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त तू हो म्हणायचं बाकी. तू काय म्हणणार ते त्यालाही माहीत होतं, मलाही. आल्यागेल्याला तो सांगत होता, "मी दोन वाजताच निघालो. आई चांगली होती." समाचाराला आलेल्या प्रत्येकाला हेच, याच शब्दांत. मोटार नुसती ऐकून तिचं काय बिघडलंय ते मी सांगतो. ओझं कमीजास्त झालं की तिचा आवाज बदलतो. सुहासच्या या वाक्याचा आवाज बदलत नव्हता. ते मला तेव्हाच खटकलं होतं, पण सुतकात माणूस भावावर कान लावून बसतो का?

आणि त्यानेच सगळ्यांना दाखवलं होतं. "कॅमेऱ्यात बघा की." बघितलं आम्ही. वेळ दोन वाजून दहा मिनिटं. सुहास मोटारसायकल चालू न करता ढकलत फाटकाबाहेर नेतोय. शेजारच्या सुमतीकाकींच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ रे पोराची माया! आईची झोप मोडू नये म्हणून गाडी ढकलत नेतोय."

आई, दोन वाजून दहा मिनिटांनी लाइट कुठे होती?

लाइट नाही तर कॅमेरा बंद. त्या वेळी त्यात कोणी दिसूच शकत नाही, तू नाही, सुहास नाही, कुत्रं नाही. ते दोन दहा म्हणजे चार दहा. लाइट आली, तू पंपाकडे निघालीस आणि परत आलीच नाहीस, म्हणून घड्याळ दोन तास मागेच राहिलं. आणि चार वाजून दहा मिनिटांनी कोणाची झोप मोडणार होती? दुपारी तू कधी चारपर्यंत लोळलीस?

मी ते पुन्हा पाहिलं. तो बाहेर येतो, गाडीला हात लावतो. मग मान वळवतो. विहिरीच्या बाजूला. गाडी सोडून परत जातो, कॅमेऱ्याच्या टापूबाहेर. परत येतो, आणि मग ती गाडी ढकलणं. जाताना फाटकाची कडी लावली त्याने. जन्मात कधी फाटक लावलं होतं का गो त्याने?

मग काकींकडे गेलो. सहज आल्यासारखा. म्हटलं, "काकी, त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही तुम्हाला?"

"अरे, लाइट आली म्हणून मी मिक्सर लावला होता. बंद केला तेव्हा तुझ्या आईचा आवाज आला खरा. बोक्याशी बोलत होती."

"काय बोलत होती?"

"जाऊ नको रे, जाऊ नको, असं काहीतरी. मेला दूध पिऊन पळत असेल!" म्हणून त्या हसल्या, आणि माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. "का रे बाळू?"

"काही नाही," म्हटलं. तुझा बोका आदल्या आठवड्यातच मेला होता. काकींना ते माहीत नव्हतं.

तू का गप्प बसायला शिकवलंस त्याला? लहानपणी बरणी फुटली, शेजारची काच फुटली, तो मान खाली घालून उभा राहायचा आणि तू पुढे व्हायचीस. "तो नव्हता हो तिथे." त्याने तोंड उघडायच्या आत तुझं उत्तर तयार!

दुपारी त्याचा फोन आला. "दादा, तो डबा चालूच आहे का अजून? काढून टाक. आता कोणावर नजर ठेवायची? संध्याकाळी बागेच्या गिऱ्हाइकाला घेऊन येतोय, तेव्हा मीच काढतो." मी म्हटलं, "ये." माझा आवाज बदलला नाही. त्याचा बदलला.

डबा भरला की जुनं पुसून त्यावर नवं येतं. तो दिवस एक-दोन दिवसांत आपोआप पुसला गेला असता. मी नुसता बसून राहिलो असतो तरी चाललं असतं. खरं सांगू? अर्धा तास तसा बसलोही. मग कॅमेरेवाल्याला बोलावलं. त्याने नवा सेल घातला, वेळ बरोबर लावली आणि तो दिवस वेगळ्या सीडीवर उतरवून दिला. आता सुहास फाटकातून आत येईल तेव्हा कोपऱ्यातली वेळ खरी असेल.

तू पडलीस की तुला पाडलं, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ते एकट्या सुहासलाच ठाऊक. तू धाकट्यासाठी जीव टाकायचीस, म्हणून तुला शब्द देतो: मी हात उगारणार नाही, ओरडणार नाही. गिऱ्हाइकाला फाटकावरूनच परत पाठवीन. सुहासला चहा देईन, समोर बसवीन, आणि विहिरीवर काय झालं ते एकदाच विचारीन. मग तो कितीही वेळ गप्प राहिला, रडला, तुझी शपथ घातली, तरी त्याच्या वतीने उत्तर मी देणार नाही. या घरात ते पहिल्यांदाच होईल. मला क्षमा कर.

तुझा थोरला,
बाळू