बिनरेणूची वीज

प्रिय चिमणे,

ताईच्या प्रयोगशाळेत यायचं म्हणून तू मनातल्या मनात आपल्या दोघींची खोली लावूनसुद्धा टाकलीस! पलंग खिडकीशी तुझा म्हणे. वाचून आधी हसू आलं.

इथली तऱ्हा ऐक. केसाहून बारीक सोन्याची तार आम्ही हळूहळू वाकवतो, पार तुटेपर्यंत. तुटलेल्या टोकांमध्ये एकच रेणू जाऊन बसावा आणि त्यातून वीज जावी, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. असे रेणू जोडून सर्किट करायचं, हे माझ्या मार्गदर्शक सरांचं जन्माचं वेड. तळघरातली बिनखिडकीची खोली, दार कायम बंद, कारण जिन्यावर कुणी धावलं तरी तार थरथरते. शिंक आली की मी नाक दाबून धरते. आणि तू? तू झोपेतही बडबडतेस, बाई.

मागच्या महिन्यात रेणू दिव्याच्या बटणासारखा चालू-बंद व्हायला लागला. सर जगाला सांगून मोकळे झाले. मग मी सहज रेणू न घालता, ज्यात तो विरघळवतो तो नुसता द्रव टाकून बघितला. अगं, तस्साच प्रवाह! सोन्याचाच धागा ताणून तुटत होता, परत चिकटत होता. रेणू बिचारा तिथे नव्हताच. सरांना दाखवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसत म्हणाले, तार नीट वाकव, जमेल. सर्किट चालल्याशिवाय पदवी नाही. सोडून जाते म्हटलं तर शिफारस नाही, मग दुसरीकडे कोण दारात उभं करणार? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत झालीय माझी. सकाळी ते दार लावताना रडू येतं गं. रडतेही, पण हुंदका न देता.

परवा सर म्हणाले, तुझ्या बहिणीला बोलावून घे. ती तुझ्या जागी बसली की तुझी पदवी मी मार्गी लावतो. तिला छानसं पत्र लिही. खोटं कशाला सांगू, तसं पत्र लिहिलंही मी. इतकं गोड, की माझाच विश्वास बसला. मग फाडलं आणि हे लिहायला बसले. चिमणे, येऊ नकोस. रुसशील, आईकडे चुगली करशील, ताई जळते म्हणशील. खुशाल म्हण. पण येऊ नकोस.

तुझीच,
खडूस ताई