दिवस आधी की महिना

२ नोव्हेंबर
आलो एकदाचे रत्नागिरीत. परशुरामकाकांची वेधशाळा म्हणजे कलमांच्या बागेपलीकडे, सड्यावर, उघड्या कातळपठारावर, बांधलेली एक खोली आणि तिला सरकतं छप्पर. काका निवृत्त मास्तर. बोलणं तिरकस, माणूस प्रेमळ. राहायला बागेतलं घर दिलंय. नीरजा जाम खूश. आल्या आल्या चांदण्या बघून मान दुखवून घेतली आमच्या बाईसाहेबांनी. काम सोपं आहे. काकांचे जुने फोटो एका परदेशी संग्रहाला द्यायचेत, आणि प्रत्येक फाईलच्या माथ्यावरची तारीख त्यांना वर्ष, महिना, दिवस अशाच क्रमाने हवी. आठवड्यात उडवतो.

४ नोव्हेंबर
कसलं सोपं, डोकं उठलंय. कॅमेरा अमेरिकन, महिना आधी लिहितो. आपण दिवस आधी. 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, देव जाणे. शेवटी तोडगा निघाला: फोटोत गुरू असला की त्याचे चंद्र कुठे आहेत ते बघायचं, खरी तारीख कळते. आधी हे काम मृणाली करायची, वैतागून सोडून गेली. तिला दोष देत नाही. त्यात काकांचा नेम: रोज संध्याकाळी एक फोटो झालाच पाहिजे, खंड पडता कामा नये. ढग आले तर ढगांचा काढा म्हणतात.

६ नोव्हेंबर
मृणालीच्या वेळच्या डिस्कवर काही फायली पुढच्या तारखांच्या आहेत. पहिली 11/07, म्हणजे उद्याची. कॅमेऱ्याचं घड्याळ बोंबललं असणार म्हणून चंद्र तपासले. उद्याचेच निघाले. गुरूही उद्याच्याच जागी. कॉम्प्युटरला यथेच्छ शिव्या घातल्या. नीरजा हसत होती.

७ नोव्हेंबर
आजचा फोटो डिस्कवरच्या फाईलशी तारा न् तारा जुळतो. मध्येच एक विमान गेलं. त्याची रेघसुद्धा त्या फाईलमध्ये आहे. दोन्हींत कोपऱ्यात एक काळा डाग. काका म्हणाले, कोकणातली हवा, भिंगाला बुरशी धरते.

८ नोव्हेंबर
भिंग पुसलं, दोनदा. डाग मोठा झालाय. बुरशी कसली, खांदे आहेत, मान आहे. दुर्बीण ताऱ्यांवर लावलेली असताना जवळची वस्तू धूसर दिसते. हा अगदी रेखीव दिसतो. म्हणजे तो ताऱ्यांइतका लांब उभा आहे. आणि कालच्यापेक्षा जवळ.

९ नोव्हेंबर
शेवटची फाईल उघडली. पूर्ण काळी. एकही तारा नाही, गुरू नाही, तपासणार कशावरून? बाकी फायलींत फोटो काढणाऱ्याचं नाव कोरं आहे. हिच्यात लिहिलंय — नीरजा.
तारीख 12/11. महिना आधी, म्हणजे अकरा डिसेंबर. वेळ आहे. महिनाअखेर तिला मंडणगडला माहेरी पाठवतो. तिला यातलं काही सांगायचं नाही, उगाच घाबरेल.

११ नोव्हेंबर
आज फोटो काढायला मी साफ नकार दिला. काका भडकले, स्वतः गुडघे धरत वर जाऊन काढून आले. नीरजा माझ्यावर चिडली. म्हाताऱ्या माणसाला असं वागवतात का, म्हणाली. काय सांगू हिला. भीती वाटते, सरळ लिहितो.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
मृणालीचा नंबर मिळाला. ती फोनवर बोलतेय, मी टिपून घेतोय. तिलाही घड्याळच बिघडलंय असं वाटलं होतं. काळी फाईल आठवते तिला. त्या एकाच फाईलमध्ये महिना अक्षरांत होता, सॉफ्टवेअर घेईना. म्हणून तिने हाताने आकडे टाकले. कोणत्या क्रमाने, विचारलं. म्हणाली, आपल्या नेहमीच्या. दिवस आधी —

बारा नोव्हेंबर. आज.

नीरजा घरात नाही. हाका मारल्या — काकांना फोन लावला. खूश आहेत. म्हणाले, तुझी बायको गुणाची, खंड पडू नये म्हणून आज स्वतःच वर —

तिचा फोन इथेच वाजतोय, ओट्यावर —

छप्पर सरकल्याचा आवाज